बाबांची रशियन काच

माळा आवरताना बाबांचा झेनिट सापडला आणि घरातली शांतता गेली. कॅमेऱ्याचं शटर केव्हाच आटोपलेलं, पण पुढची लेन्स, हेलिओस ४४-२, बाबांच्या मते ठणठणीत. "टाकायची नाही. ती काच रशियाची आहे," ते म्हणाले. बाकीच्या काचा जणू डोंबिवलीतच पिकतात.

मोबाइलवर भाव पाहिला, तर एकानं पंचवीस हजार मागितले होते. संध्याकाळपर्यंत बायकोनं त्यात नवा फ्रीज बसवला. रात्री मला शहाणपण सुचलं आणि लिलावात खरंच विकल्या गेलेल्या तेवढ्याच लेन्स पाहिल्या. आकडा अडीच हजारांवर उतरला. ही लेन्स मुळात जर्मनीतल्या येनाच्या झाइस बायोटारची नक्कल. महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये तिचं उत्पादन सुरू झालं आणि लाखांनी निघाली. लाखांनी निघालेल्या वस्तूला भाव कुठून येणार?

बाबांना हे पटलं नाही. "२०२२ साली जर्मनीत, वेट्झलरला, एक लाइका कॅमेरा एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोला गेला, पेपरात होतं!"

"बाबा, तो ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा होता. लाइका ज्यानं घडवला त्याचा. तुमचा नव्हे."

ते दोन दिवस बोलले नाहीत.

लिलावात टाकायची म्हणजे आधी उलटतपासणीला उभं राहायचं. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या ब्लेडवर तेल आहे का? फोकसची रिंग जड फिरते का? बुरशी? बॅटरी मारून आत पाहिलं, तर कडेला कोळ्यानं संसार थाटल्यासारखी पांढरी जाळी. चाळीस पावसाळ्यांची कमाई. शिवाय प्रत्येकाचा ठरलेला प्रश्न: "स्वर्ल येतो का?" म्हणजे छिद्र पूर्ण उघडून, एफ-२ला, फोटो काढला की मागची पानं भोवऱ्यासारखी गरगरतात. हा खरं तर काचेतला दोष. आता भाव मिळतो तो त्या दोषालाच.

पुरावा हवा म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायचा ॲडॉप्टर मागवला, भाच्याचा मिररलेस कॅमेरा आणला आणि बाबांना तगरीच्या झुडपापुढे बसवलं. नाकावर फोकस केला की चष्मा धूसर, चष्म्यावर केला की नाक. "श्वास घेऊ का?" त्यांनी तासाभरानं विचारलं.

मग मी बुरशी काढायला बसलो. इथेच थांबायला हवं होतं. रिंग फिरवायचा पाना मागवला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पंचा अंथरला आणि लेन्स उघडली. बुरशी निघाली. पण आतला आटा ज्या जागी सुटतो, नेमक्या त्याच जागी तो परत पकडावा लागतो, ही गोष्ट मला लेन्स बंद केल्यावर कळली. त्यानंतर रिंग कितीही फिरवली तरी फोकस सोसायटीच्या गेटपलीकडे जाईना. लेन्सवर अनंताची खूण होती, माझं अनंत वॉचमनपाशी संपत होतं. शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं लेन्स न पाहता आधी माझ्याकडे पाहिलं आणि नऊशे रुपये सांगितले.

लिलाव ४९९ला सुरू झाला. सहा दिवस आकडा ७५०वर झोपून होता. रविवारी रात्री शेवटच्या वीस सेकंदांत दोघे कुठूनसे उगवले, एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि २,१५०ला सुटले. ॲडॉप्टर, पाना, दुरुस्ती धरून माझे ३,४०० गेले होते. फ्रीजचा विषय बायकोनंही काढला नाही.

सकाळी घेणाऱ्याचा निरोप आला, "मागचं मूळ झाकणही पाठवा."

झाकण तीस वर्षं देवघरात आहे. आई त्यात गंध उगाळून ठेवते.

"झाकण?" आई म्हणाली. "देवाचं आहे ते."

घेणाऱ्याला दोनशे रुपये कमी करून दिले.