आयटम मोटला अर्धा दिवस द्या

लंडनला मुलांकडे आलेले आईबाबा असोत की तिथेच स्थायिक झालेली मंडळी, केंटमधला एक दिवस ठरला की बेत ठरलेला: लीड्स कॅसल, हेवर कॅसल आणि ‘जमलं तर’ आयटम मोट, म्हणजे खंदकाने वेढलेलं मध्ययुगीन घर. माझं स्पष्ट मत आहे, हे घर ‘जमलं तर’च्या खात्यातलं नाही. (स्पेलिंगमध्ये जी आणि एच आहेत, उच्चार आयटमच.)

खंदक म्हटलं की आपल्यासमोर नगरचा भुईकोट उभा राहतो. ते चित्र घेऊन इथे गेलात तर हिरमोड होईल. हे घर खोलगट दरीत आहे, पार्किंगकडून उतार उतरून तिथे जावं लागतं. लढाईच्या तयारीने कोणी अशा खड्ड्यात घर बांधत नाही. इंग्लंडमध्ये खंदकवाली सुमारे ६,००० ठिकाणं माहीत आहेत, बहुतेक १२५० ते १३५० च्या आसपासची. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी खंदक म्हणजे आधी ऐपत दाखवणं. मासे, पाण्याचा निचरा, चोरांना अडथळा हे फायदे जोडीला. आयटम मोटचा जुना भाग १३२०-३० च्या सुमाराचा.

म्हणून आधी आत शिरू नका. बाहेरून हिंडा. पाण्यातून थेट वर आलेली भिंत नीट बघा: खाली केंटचा ओबडधोबड दगड, रॅगस्टोन, वर ओकच्या लाकडाचा सांगाडा. या घराचं दुखणं अशा लाकडातच असतं. ओल आणि डेथवॉच बीटल हा किडा मिळून ओकचं लाकूड आतून पोखरतात, वरून तुळई ठणठणीत दिसते. अशा भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते आणि लाकूड आणखी लवकर कुजतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांवर सिमेंट थापणाऱ्यांनी हे जरूर बघावं. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षं बराच भाग उतरवून, कसा बांधला होता त्याची नोंद ठेवून, पुन्हा उभा केला. खर्च एक कोटी पौंडांच्या वर. हे घर ट्रस्टला मिळालं ते चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन माणसामुळे. त्यांनी ते १९५३ मध्ये विकत घेतलं आणि १९८५ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते ट्रस्टकडे आलं.

आत चौक आहे, आपल्या वाड्यासारखाच चारही बाजूंनी बंद. तिथलं कुत्र्याचं घर चुकवू नका. डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी १८९० च्या सुमारास बांधलेलं, आणि त्याला वारसायादीतला सर्वोच्च दर्जा, ग्रेड वन!

सगळ्यात जास्त वेळ मात्र चॅपलला, म्हणजे घरातल्या प्रार्थनाघराला द्या. तिथे १५२० च्या दशकातलं लाकडी, कमानदार, रंगवलेलं छत आहे. त्यावर ट्यूडर राजघराण्याच्या गुलाबाबरोबर राजा हेन्री आठव्याच्या पहिल्या राणीच्या, कॅथरिनच्या, माहेरची चिन्हं आहेत. १५३३ मध्ये राजाने तिला बाजूला सारलं, पण छतावर ती आजही आहे. रंग फिके वाटतील. मान वर करून दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की आकार उलगडतात. ड्रॉइंग रूममधल्या हाताने रंगवलेल्या चिनी वॉलपेपरचंही तसंच. खोल्या अंधाऱ्या ठेवतात कारण प्रकाशाने रंग उडतात. फ्लॅश वापरू नका.

जाण्याचं: लंडनहून सेव्हनओक्सपर्यंत ट्रेन अर्ध्या-पाऊण तासाची, पण तिथून घर बरंच लांब आहे. टॅक्सी जाण्या-येण्याची दोन्ही आधीच ठरवा, परतीच्या वेळी तिथे उभी मिळेल या भरवशावर राहू नका. धडधाकट असाल तर सेव्हनओक्सहून नोल पार्कमधून चालत जा, दोन तास धरा. पावसानंतर चिखल घोट्यापर्यंत, म्हणून बूट तसे घाला आणि आत जाण्याआधी स्वच्छ पुसा. पाठीवरची मोठी सॅक अरुंद खोल्यांत नेऊ नका. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर परतीचा चढ लक्षात ठेवा, तो उतरताना जाणवत नाही. बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात, ऋतूप्रमाणे बदलतातही; निघायच्या आदल्या रात्री ट्रस्टच्या साइटवर घराची वेळ बघा, नुसती बागेची नव्हे.