फक्त नाव लावा, पोरगा येणार नाही

आज अकरावीच्या ॲडमिशनला एक वडील आले होते. दहावीला ९४ टक्के, सायन्स हवंय, पोरगा सोबतच उभा. कागद टेबलवर ठेवले आणि पहिलाच प्रश्न, "मॅडम, रोज यायची सक्ती नाही ना? नुसतं नाव लावायचंय, प्रॅक्टिकलला येईल तो." पोरासमोर! डोकंच फिरलं माझं. त्या वडिलांवर राग नाही खरं तर, क्लासची फी भरून बसलेत बिचारे, त्यांना जे सांगितलं गेलंय तेच बोलत होते. पण वर्गात न बसणं हीच हुशारी, हे त्या पोराने अकरावी सुरू व्हायच्या आधीच ऐकलं ना.

का होतं हे, ते आपल्या सगळ्यांना माहितीये. इंजिनीअरिंगला सीईटीचं पर्सेंटाइल चालतं, बारावीला ओपनवाल्याला ४५ टक्के आणि रिझर्व्हवाल्याला ४० पडले की झालं, त्याच्या वर कितीही मिळवा, कोण विचारतंय. मेडिकलला नीट, तिथेही तीच गत. मग कॉलेजात येऊन करायचं काय? आणि ती सीईटी तरी कशी, फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, एका प्रश्नाला धड मिनिट नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही. यात विचार करत बसलेलं पोर मागे पडतं आणि उत्तर नुसतं ओळखणारं पुढे जातं.

मागच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी असाच एक इंटिग्रेटेडचा, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं सगळं क्लासमध्ये असा मुलगा लॅबमध्ये आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. जर्नल बाहेरून लिहून आणलेलं, अक्षर त्याचं नव्हतंच. मी हातात व्हर्नियर कॅलिपर दिला, बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं उपकरण. तो बघतच राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हा एवढा छोटा असतो?" त्याच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे क्लासच्या पुस्तकात, पानभर आकृती होती, त्याला वाटलं फूटभर तरी असेल. लीस्ट काउंटचं, म्हणजे उपकरण कमीत कमी किती मोजतं त्याचं गणित विचारलं तर दोन सेकंदांत उत्तर, झीरो एररसकट (जबडे मिटल्यावरही शून्य न दाखवण्याची चूक). पण गोळी कुठल्या जबड्यात धरायची ते माहीत नाही.

मूर्ख नव्हता हो तो, उलट फार हुशार होता, त्याचंच तर वाईट वाटतं.

सरकारने २०१८ ला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा जीआर काढला होता. काय झालं त्याचं? ॲडमिशनला जे मोजत नाही त्यासाठी पोरं अंगठा लावायला कशाला येतील? आणि ज्या एका परीक्षेवर आपण सगळं सोडून दिलंय तीही धड घेता येत नाही. २०२५ ला सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे, २७ हजारांवर पोरांना पुन्हा पेपर द्यायला लावला. ज्याचा पहिला पेपर जमून आला होता त्याने काय पाप केलं होतं?

हो, बोर्डाच्या परीक्षेत कॉप्या होतात, प्रॅक्टिकलला एक्सटर्नलला, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाला खूश ठेवून सगळ्यांना ३० पैकी २८-२९ वाटले जातात, मान्य. आमचेच लोक करतात. आणि सीईटीमुळे वशिला आणि डोनेशनवाल्यांना थोडा चाप बसला हेही खरं. पण म्हणून बारावी निकालातच काढायची? एनआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या रँकमध्ये २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन होतंच की. वेगवेगळ्या बोर्डांचा मेळ बसवणं अवघड म्हणून ते काढलं. अवघड होतं तर नीट बसवा ना मेळ, पोरांची दोन वर्षं कशाला बाद करता!

त्या मुलाला मी एक मापन करून दाखवलं आणि बाकीच्यांकडे वळले. परत येऊन बघते तर तो एकटाच बसून मोजत होता, गोळी झाली, मग स्वतःचं पेन, मग अंगठ्याचं नख, प्रत्येक रीडिंग तीनदा घेऊन वहीच्या मागच्या पानावर लिहीत होता, कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर क्लासची गाडी हॉर्न वाजवत होती. "मॅडम, स्क्रू गेजपण असतो ना आपल्याकडे?" म्हणाला, म्हणजे त्याहून बारीक मापं घ्यायचं उपकरण. होता ना, कपाटात पंचवीस पडलेत, वर्षभर कुणी हात लावत नाही. काढेपर्यंत त्याला हाका आल्या आणि गेला तो. सीईटीला ९९ च्या वर पर्सेंटाइल आलं त्याला, आता कॉम्प्युटरला आहे, मजेत असेल. पण सतरा वर्षांच्या पोराला जे हातात घेऊन बघायचं होतं ते आपण त्याला दोन वर्षं बघू दिलं नाही, आणि याला आपण सायन्स साइड म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ॲडमिशनमध्ये बारावीला निदान तीस-चाळीस टक्के वजन द्या, आणि त्यातलं प्रॅक्टिकल खरं घ्या, बाहेरचा परीक्षक, समोर उपकरण, जमलं तर मार्क नाहीतर नाही. स्टाफरूममधल्या लोकांना हे आवडणार नाही, माहितीये मला. आणि ज्यांची पोरं यंदा अकरावीला आहेत त्यांनी कॉलेजात जाऊन आधी लॅबचं टाइमटेबल मागा. नसेल तर तिथे फी भरू नका.