जखमी सावज, हरवलेला माग आणि ‘चुकांतून शिकलेले’ शिकारी: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

वाघाने माणूस मारल्याची बातमी आली की पाठोपाठ एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: जुने शिकारी एका गोळीत सावज लोळवत असत, क्वचित नेम चुकलाच तर जखमी जनावराचा माग ते शेवटपर्यंत सोडत नसत, अशा चुकांतून शिकतच ती पिढी निष्णात झाली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबल्यामुळे ती विद्या लोपली, म्हणून आज वाघ माणसांवर उठले आहेत. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यातली चारही विधाने तपासली तर एकही जसेच्या तसे टिकत नाही.

एका गोळीचा मुद्दा लवकर निकाली काढता येतो. गोळी हृदयात लागली तरी मोठे जनावर बरेचदा पन्नास-शंभर मीटर धावते आणि मगच कोसळते. फुप्फुसाऐवजी पोटात लागली तर ते कित्येक तास जिवंत राहते. त्यात भारतातली वाघ-बिबट्याची शिकार पुष्कळदा मचाणावरून, संधिप्रकाशात किंवा विजेरीच्या झोतात होत असे आणि हातात नेहमीच चांगली रायफल असे असेही नाही. गावोगावच्या ठासणीच्या बंदुका आणि छर्ऱ्यांची काडतुसे पट्टेरी वाघाला मारण्यापेक्षा जखमी करण्यासच अधिक उपयोगी होती.

दुसरे विधान अधिक गांभीर्याने घ्यावे लागते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. जखमी जनावर मागे सोडू नये हा संकेत खरोखरच होता आणि तो पाळताना अनेक शिकाऱ्यांनी जीवही गमावला. दाट गवतात दडलेल्या जखमी वाघाला बाहेर काढण्यासाठी मध्य भारतात म्हशींचा कळप पुढे घातला जाई. तथापि संकेत असणे आणि तो निभणे यांत मोठे अंतर आहे. फुप्फुसाचे रक्त फेसाळ आणि लालभडक असते, त्यामुळे त्याचा माग काढणे त्यातल्या त्यात सोपे जाते. पोटात गोळी लागलेले जनावर मात्र बाहेर फारसे रक्त सांडत नाही. शिवाय लगेच पाठलाग केला तर ते आणखी दूर जाते, म्हणून काही तास थांबावे लागते, आणि त्या काही तासांत रात्र पडते किंवा पाऊस येतो. स्नायूला झालेल्या जखमेतून सुरुवातीला भरपूर रक्त वाहते, शिकारी निर्धास्त होतो आणि पुढे थेंब अचानक संपतात.

माग हरवला की काय होते, याचे पुरावे कुमाऊं-गढवालच्या (आजच्या उत्तराखंडातल्या) नोंदींत आहेत. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून 436 बळी नोंदले गेले. नरभक्षकांचे प्रसिद्ध शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट यांनी 1907 मध्ये तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. ती इजा जुन्या गोळीची होती आणि तिच्यामुळेच नेहमीचे भक्ष्य पकडणे वाघिणीला अशक्य झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1938 मध्ये मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही गोळ्यांच्या दोन जुन्या जखमा होत्या, त्यांपैकी एक चिघळलेली होती. कोणीतरी बार काढला होता आणि जनावर त्याच्या हाती लागले नव्हते, एवढेच यातून कळते. तो कोण, हे कळत नाही.

बेफिकीर शिकाऱ्यांचीच ही कथा आहे, असेही नाही. 1921 मध्ये रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलावर दोन तरुण इंग्रज अधिकारी नरभक्षक बिबट्यासाठी कित्येक आठवडे रात्ररात्र बसले. बिबट्या पुलावर आला, गोळ्या झाडल्या गेल्या, सकाळी रक्त मिळाले, त्यानंतर कसून शोधही घेतला गेला; पण बिबट्या सापडला नाही. 2 मे 1926 रोजी तो मारला गेला, तेव्हा त्या गोळीची खूण मागच्या पंजावर मिळाली. मधली पाच वर्षे गढवालचे लोक दिवस मावळताच दारे लावून घरात बसत होते. हा बिबट्या गोळीमुळे नरभक्षक झाला नव्हता, तो आधीपासूनच होता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तसेच सगळे नरभक्षक गोळीनेच घडले असेही कोणी म्हणू नये. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराच्या काट्यांनी निकामी केले होते. पण ज्या कॉर्बेट यांचे नाव हा मजकूर पुढे पाठवणारे आदराने घेतात, त्यांनीच वाघ नरभक्षक होण्याच्या कारणांत निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा न केलेला पाठलाग यांना अग्रस्थान दिले आहे.

आता तिसरे विधान, ज्यावर या मजकुराची सारी भावनिक मदार आहे: चुकांतून शिकणे. चुकीपासून शिकायचे तर चुकीचा परिणाम चूक करणाऱ्यापर्यंत पोहोचावा लागतो. हरवलेल्या जनावराच्या बाबतीत नेमके तेच घडत नाही. बार काढून तळावर परतलेला माणूस ‘लागली नसावी’ किंवा ‘मरून पडला असेल’ अशी समजूत घालून घेतो. सुळा तुटला की पंजा गेला, हे कधीतरी दुसराच कोणी कातडे सोलताना पाहतो. मधल्या काळात किंमत मोजतात त्या गवत कापायला आणि झाडपाला आणायला रानात जाणाऱ्या बाया, ज्यांचा त्या शिकारीशी काडीचाही संबंध नसतो. परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या शिकाऱ्याचे उदाहरण हवे असेल तर चौगढचे घ्यावे. तेथे वाघीण आणि तिचा वाढलेला बछडा बरोबर फिरत असत. 1929 मध्ये कॉर्बेट यांनी वाघीण समजून बछड्याला मारले आणि वाघीण 1930 च्या एप्रिलपर्यंत जिवंत राहिली. या चुकीपायी पंधरा माणसांचे प्राण गेले, हा हिशेब खुद्द त्यांनीच मांडला आहे. त्यांच्यासारखा प्रामाणिक आणि निष्णात माणूस एका धड्यासाठी पंधरा जीव मोजत असेल (आणि तेही दुसऱ्यांचे), तर इतरांच्या न नोंदलेल्या धड्यांचे कौतुक जपूनच करावे.

शिकणे शक्यच नाही, असा याचा अर्थ नव्हे. स्वीडनमध्ये एल्कसारख्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे, असा नियम आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात रक्त सांडले की जनावर मिळो न मिळो, पूर्ण शुल्क द्यावे लागते, ही अट शिकारीच्या करारात सर्रास असते. चूक शिकाऱ्याच्या सदसद्विवेकावर न सोपवता तिची जबाबदारी नियमाने त्याच्या गळ्यात घातली, तेव्हा काही सुधारले. अर्थात पैसे भरले म्हणून पोटात गोळी घेऊन गेलेल्या रानरेड्याला आराम पडत नाही, हे वेगळे.

राहिला शिकारबंदीचा मुद्दा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाघ मारण्यावर बंदी तर नव्हतीच, उलट सरकारी बक्षीस होते. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ मारले गेल्याचा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी दिला आहे. त्याच काळातील सरकारी नोंदींत वाघांच्या तोंडी गेलेल्या माणसांचा आकडा दरसाल शेकड्यांत आहे. म्हणजे शिकारी भरपूर होते तेव्हा नरभक्षकही होतेच. आज चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे जे हल्ले होतात त्यांमागे वाघांची दाटी, तुटलेले जंगलपट्टे आणि मोहफुले, तेंदूपत्ता वेचायला माणसांना रानात शिरावेच लागणे, ही कारणे आहेत. शिवाय कायद्याने हात बांधलेले नाहीत: 1972 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाला पकडण्याची आणि ते शक्य नसल्यास मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.

आणि विद्या लोपली म्हणजे नेमकी कोणाची? रक्ताचा थेंब, मोडलेली काडी, दबलेले गवत वाचणारे लोक बहुधा बंदूकवाल्या साहेबाच्या पुढे चालणारे गोंड, बैगा किंवा पहाडी मागकाढे होते. छायाचित्रात मात्र मेलेल्या वाघावर पाय ठेवून साहेबच दिसतो. ते काम आजही चालू आहे. बेशुद्धीची सुई लागल्यावर वाघ लगेच पडत नाही, औषध भिनेपर्यंत तो झुडपांत निघून जातो, आणि त्याच्या मागावर जाऊन त्याला गाठण्याचे काम ताडोब्याच्या परिसरातले वनरक्षक आणि वनमजूर करतात. त्यानंतर तो वाघ बरेचदा नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात पोहोचतो.