शेपटीचा डॉबरमन कुणाला नको?

मी राहतो त्या जर्मनीतल्या येना शहरापासून आपोल्डा हे गाव अगदी जवळ आहे. कोलोनच्या कॅथेड्रलमधली भलीमोठी घंटा १९२३ साली इथेच ओतली गेली. पण गावाची खरी कीर्ती कुत्र्यामुळे. एकोणिसाव्या शतकात इथे लुई डॉबरमन नावाचे एक करवसुली अधिकारी होते. वसुलीला जाताना सोबतीला धाक बसवणारा कुत्रा हवा म्हणून त्यांनी जो कुत्रा पैदा केला, तोच आपला डॉबरमन. त्याचे कान टोकदार कापायचे आणि शेपूट बुडापाशी छाटायचं, म्हणजे अंगावर येणाऱ्याला धरायला काही मिळत नाही, असं कारण तेव्हा देत.

आज याच भागात फिरताना दिसणाऱ्या डॉबरमनचे कान लोंबते असतात आणि शेपूट लांबलचक. असा एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तर पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "दादा, हा डॉबरमन नाही, काळा लॅब्रॅडॉर आहे. तुला फसवलं." त्याच्याकडे स्वतःचा डॉबरमन आहे. पिल्लू आलं तेव्हाच शेपूट नव्हतं, कारण ब्रीडर ते जन्मानंतर तीन-चार दिवसांतच उडवतात, बहुतेक वेळा भूल न देता. कान तिसऱ्या महिन्यात कापले आणि मग ते ताठ राहावेत म्हणून कित्येक आठवडे टेप लावून ठेवले. भाऊ कुत्र्यावर जीव टाकतो, हे मुद्दाम सांगतो. एरवी हा वाद 'निर्दय मालक विरुद्ध प्राणिप्रेमी' असा रंगतो आणि तिथेच फसतो.

जर्मनीत कान कापायला १९८७ पासून बंदी आहे, शेपूट छाटायला १९९८ पासून. शिकारी कुत्र्यांच्या शेपटीला सवलत मिळाली, कारण शिकाऱ्यांचं वजन इथेही आहे. नियम मोडला तर दंड २५,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे प्राण्याचा अवयव छाटणं १९६० च्या कायद्यात क्रूरताच मानलं आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात त्या कुत्र्याचं एक वेळचं खाणंही येत नाही. म्हणून आपल्याकडे चर्चा निघाली की गाडी दंडाच्या रकमेवर येऊन थांबते. पन्नास हजार करा, लाख करा.

इथे राहून माझं मत वेगळं झालं आहे. जर्मनीत नुसत्या दंडानं भागलं नाही. मे २००२ पासून कान किंवा शेपूट कापलेला कुत्रा डॉग शोमध्ये उतरवायलाच मनाई झाली. हा घाव वर्मी बसला. ब्रीडरची सगळी कमाई बक्षिसांवर उभी असते. विजेत्या नराचं मेटिंग महाग, त्याची पिल्लं त्याहून महाग. रिंगणाचं दारच बंद झाल्यावर कान कापून मिळवायचं काय? पुढे आंतरराष्ट्रीय श्वान महासंघानेही डॉबरमनच्या मानकात, म्हणजे ही जात कशी दिसावी हे ठरवणाऱ्या नियमावलीत, नैसर्गिक कान आणि शेपूट आणलं. ज्या लोकांनी 'जातच बुडेल' म्हणून ओरड केली होती, तेच आता शेपटीचा बाक तपासून गुण देतात.

आपल्याकडे हे सुचलं नव्हतं असं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये कान-शेपूट कापण्याच्या विरोधात पत्र काढलं. डॉग शोचा कारभार पाहणारा केनेल क्लब ऑफ इंडिया त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये ते पत्र रद्द झालं. म्हणजे अडून बसलं कोण, तर ज्यांच्या हातात रिंगण आहे तेच. माझ्या भावाला हजार रुपये दंड करा किंवा लाख, तो कान कापलेलंच पिल्लू शोधणार, कारण शोमधल्या चॅम्पियनचा फोटो तसाच असतो. त्याला डॉबरमन कसा दिसतो हे त्या फोटोनं शिकवलं आहे.

त्याची बाकीची कारणं पाहिली तर फारशी टिकत नाहीत. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, इन्फेक्शन होतं, हे सगळ्यांत आवडतं कारण. मग कॉकर स्पॅनियलचे कान का नाही कापत? कानाचा त्रास त्यालाही खूप होतो, पण त्याचे लांब कान गोड दिसतात ना! शेपटीला इजा होते म्हणावं, तर ब्रिटनमध्ये २०१० साली पशुवैद्यकांनी हिशेब मांडला होता. शेपटीची एक इजा टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील, असं त्यात निघालं. राखणीचं म्हणाल, तर अनोळखी माणूस गेटमधून कान बघून माघारी फिरत नाही, भुंकणं ऐकून फिरतो. आपल्याकडे धनगरांच्या पालावरची कुत्री किंवा लातूरकडचे कारवानी घ्या. लांब शेपटीनं त्यांचं काय अडलं?

एक खुलासा करतो, कारण या विषयावर बोललं की हमखास विचारलं जातं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला पाडलेली खाच ही वेगळी गोष्ट. नसबंदीच्या वेळी, भुलीत असतानाच ती पाडतात. या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, त्याला पुन्हा उचलू नका, एवढंच त्यातून कळतं. तिचा उपयोग कुत्र्याला होतो. मालकाला मिरवायला ती नसते.

आता जर्मनीचं कौतुक इथेच आवरतं घेतो. मुनिखमधला एक मराठी मित्र दर दिवाळीला "हे लोक प्राण्यांना माणसासारखं वागवतात" असं भाषण देतो, आणि समोर डुकराच्या मांसाचं श्निट्झेल असतं. इथल्या कायद्यात डॉबरमनच्या पिल्लाच्या शेपटीला हात लावता येत नाही. डुकराच्या चार दिवसांच्या आतल्या पिल्लाचं शेपूट मात्र भूल न देता छाटता येतं. सरसकट असं करू नका, असा युरोपीय संघाचा नियम आहे, तरी दाटीवाटीच्या गोठ्यांतून ते सर्रास चालतं, कारण कोंडलेली जनावरं एकमेकांच्या शेपट्या चावतात. नर पिलांचं खच्चीकरण भूल न देता करणं तर इथे २०२१ पासून थांबलं. घरातल्या सोफ्यावर बसणाऱ्या प्राण्याची दया लवकर येते, हे दोन्हीकडे सारखंच. आपला १९६० चा कायदाही बैलाची वेसण आणि खच्चीकरण अपवाद म्हणून बाजूला काढतोच.

आणि पळवाट इथेही आहे. कापलेल्या कानांचं पिल्लू बाहेरच्या देशातून आणून पाळता येतं. मालक खांदे उडवून म्हणतो, आम्ही कुठे कापले? तरी अशा कुत्र्याला रिंगणात प्रवेश नसल्यानं हे प्रकार कडेकडेनंच चालतात.

म्हणून पुण्या-मुंबईतल्या श्वानप्रेमींना माझं सांगणं आहे की दंड वाढवायच्या अर्जाआधी केनेल क्लबचं दार ठोठवा. मागणी साधी ठेवा. एक तारीख ठरवा आणि त्यानंतर जन्मलेला, कान-शेपूट कापलेला कुत्रा कुठल्याही शोमध्ये घेऊ नका. आधीच कापलेल्यांना सूट द्यावी लागेल, नाहीतर त्यात माझ्या भावाच्या कुत्र्यासारख्यांनाच शिक्षा होईल. आजारपणामुळे शेपूट काढावं लागलं असेल तर व्हेटचं पत्र चालावं, आणि खोटं पत्र देणाऱ्या व्हेटला परिषदेनं जाब विचारावा. ब्रीडर आरडाओरडा करतील. परदेशी मानकांचा हवाला ते नेहमी देतात. तर या वेळी डॉबरमनचं आजचं मानक त्यांच्यासमोर ठेवा.