‘मोबाइल वाचतो, मग रेडिओ कशाला?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

दृष्टिबाधितांसाठी वृत्तपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवणाऱ्या रेडिओ सेवा आता बंदच कराव्यात, असे सांगणारा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : या सेवांसाठी लागणारा खास रेडिओसंच कालबाह्य झाला आहे, छापील मजकूर असा प्रसारित करणे ही स्वामित्वहक्काची पायमल्ली आहे, मोबाइल आता सर्व काही वाचतो, बोलकी पुस्तके हवी तितकी मिळतात, आणि आपल्याकडे तर आकाशवाणी आहेच. यांपैकी पहिल्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे. उरलेले मुद्दे मात्र या सेवेत नेमके काय वाचले जाते आणि कोणासाठी, याची चौकशी न करताच मांडलेले दिसतात.

संचापासून सुरुवात करू. २ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ‘रेडिओ टॉकिंग बुक’ ही अशा प्रकारची पहिली सेवा सुरू झाली आणि १९७१ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या आधाराने लॉरेन्स येथे ‘ऑडिओ-रीडर’ उभी राहिली. एफएम केंद्राच्या नेहमीच्या कार्यक्रमासोबत त्याच लहरीवर, पण साध्या रेडिओला न ऐकू येणाऱ्या उपवाहकावरून, म्हणजे त्या लहरीतच दडलेल्या दुसऱ्या वाहिनीवरून, हे वाचन पाठवले जाई. दुकानांतले पार्श्वसंगीतही तेव्हा याच तंत्राने पोहोचवले जात असे. श्रोत्याला मोफत वापरायला मिळणारा संच एकाच केंद्राला जुळवून ठेवलेला असे, त्यामुळे त्याला बटण फिरवून आवाज कमीजास्त करण्यापलीकडे काही शिकावे लागत नसे. आज असे संच मिळणे अवघड होत चालले आहे, उपवाहकावरचा आवाजही काही फार सुरेल नसतो, आणि म्हणूनच अनेक सेवा इंटरनेट, दूरध्वनी आणि घरातल्या बोलक्या स्पीकरकडे वळल्या आहेत. थोडक्यात, म्हातारा झाला आहे तो संच; वाचनाचे काम चालूच आहे. रॉकेलचा कंदील गेला म्हणून रात्रीचा अभ्यास बंद करा असे कोणी सांगत नाही.

स्वामित्वहक्काचा आरोप तर कायदा न वाचताच केलेला आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ११० च्या आठव्या पोटकलमात, अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर अपंग व्यक्तींसाठीच योजलेल्या, व्यापारी हेतू नसलेल्या प्रसारणातून नाट्येतर साहित्य वाचण्यास स्पष्ट मुभा आहे, आणि ज्या माध्यमांतून हे करता येते त्यांत रेडिओच्या उपवाहकाचा नामोल्लेखही आहे. सर्वांना ऐकू न येणारा बंदिस्त संच हा या व्यवस्थेत कुंपणाचे काम करत होता, हे त्याला टाकाऊ ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले नाही. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात साहित्य उपलब्ध करून देण्याची सवलत कायद्यात आणली. वाचनसुलभतेसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता.

आता सर्वांत लोकप्रिय मुद्दा : मोबाइल सर्व काही वाचतो. तो बरेच वाचतो, आणि त्यामुळे असंख्य दृष्टिबाधितांचे शिक्षण आणि नोकरी शक्य झाली, हे निर्विवाद आहे. पण स्क्रीन रीडर, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचे शब्द बोलून दाखवणारी सोय, वाचतो तो मजकूर; चित्र नव्हे. वृत्तपत्राचे पान प्रतिमा म्हणून चढवलेले असेल, तर त्याला त्यातून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात, आणि आठ स्तंभ, मधूनच घुसलेली जाहिरात, चौकट आणि ‘पान ६ वर’ गेलेली बातमी यांत त्याची वाट हमखास चुकते. मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थाने एका उच्चाराने म्हटला जातो आणि पाण्याच्या भांड्यासाठी दुसऱ्या. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. माणूस संदर्भावरून न अडखळता वाचतो, यंत्राचा तिथे अनेकदा घोटाळा होतो.

यापेक्षाही मोठा प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. अंधत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ब्रेल शिकणारा शाळकरी मुलगा येतो. प्रत्यक्षात जगभर दृष्टी गमावणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांचीच संख्या अधिक आहे. भारताच्या २०१५ ते २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीत एकूण लोकसंख्येत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के होते, तर पन्नास वर्षे आणि त्यापुढील वयोगटात ते १.९९ टक्के होते. आयुष्यभर डोळ्यांनी वर्तमानपत्र वाचलेल्या आणि पंचाहत्तरीत नजर गेलेल्या आजोबांना ब्रेल शिका म्हणणे व्यवहार्य नाही. थरथरत्या बोटाने गुळगुळीत काचेवर एकदा सरकवा, दोनदा टिचकी मारा, हे सांगणेही सोपे नाही. वाचनसेवा ज्यांच्यासाठी आहेत त्यांत असे लोक आहेत, आणि पक्षाघातामुळे किंवा कंपवातामुळे वर्तमानपत्र हातात धरू न शकणारेही आहेत. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा स्वतःच्या वयाचा श्रोता गृहीत धरला असावा.

बोलक्या पुस्तकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती उत्तम आहेत. परंतु गावातल्या आजच्या निधनवार्ता, किराणा दुकानांच्या या आठवड्याच्या सवलती आणि नगर परिषदेची सूचना कुठल्याही बोलक्या पुस्तकात सापडत नाही. अमेरिकेतल्या सेवांचे स्वयंसेवक ज्या गोष्टी आवर्जून वाचतात त्यांत स्थानिक वृत्तपत्राबरोबर दुकानांच्या जाहिरातीही असतात. कोण गेले आणि तेल कुठे स्वस्त मिळते, हे शेजाऱ्याला न विचारता कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

राहता राहिली आकाशवाणी. तिचे दहा मिनिटांचे प्रादेशिक बातमीपत्र संपूर्ण राज्याचे असते. ते जिल्ह्याच्या आवृत्तीतले तिसरे पान वाचून दाखवत नाही, अग्रलेखही वाचत नाही, आणि तशी अपेक्षाही त्याच्याकडून करता येत नाही. महाराष्ट्रात या दिशेने काही झालेच नाही असे नाही. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक फेब्रुवारी २००८ पासून निघू लागले. नागपुरात २०२२ मध्ये दृष्टिबाधितांसाठी ‘रेडिओ अक्ष’ ही इंटरनेट वाहिनी सुरू झाली. पण पाक्षिकाला ब्रेल येणारा वाचक लागतो, वाहिनीला इंटरनेट लागते, आणि आज सकाळी दारात पडलेले वर्तमानपत्र दुपारपर्यंत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणी वाचून दाखवावे, ही गरज दोन्हींच्या बाहेर उरते. ती आज घरातली सून, नातू किंवा शेजारी भागवतो. तेही त्यांना वेळ असेल तेव्हा आणि त्यांना ज्यात रस असेल तेवढेच.