पितळी बिल्ला आणि श्वापदाची खूण

आज उपासनेनंतर शास्त्राभ्यास होता. त्यासाठी बाहेरगावाहून आलेल्या उपदेशक बंधूंनी पडद्यावर चित्रे दाखवत दीड तास प्रकटीकरणाचा, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा, तेरावा अध्याय समजावून सांगितला; श्वापद सगळ्यांच्या हातावर किंवा कपाळावर आपली खूण उमटवील, असे त्यात आहे. बारकोड, कातडीखाली बसवायची चिप, मोठमोठ्या कंपन्यांचे मालक, साऱ्या जगाचे एकच सरकार, हे सगळे लाल बाणांनी एकमेकांना जोडलेले होते. शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या घेतल्या, तेव्हा मागच्या बाकावरून आमच्याच मंडळीतला एक मुलगा उठला. तो घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करतो. चार दिवसांपूर्वी त्याचा आयडी बंद झाला, कारण कोणी सांगत नाही, तक्रार ऐकायला माणूसच नाही, आठवड्याची कमाई अडकली आहे आणि गाडीचा हप्ता तोंडावर आला आहे, एवढे त्याने खाली मान घालून सांगितले. उपदेशक बंधू हसून म्हणाले, "बेटा, ये तो अंत समय के चिह्न हैं, आनंद करो." सगळ्यांनी आमेन म्हटले. सवयीने मीही म्हटले असावे, आणि दुपारपासून मला त्याचाच राग अधिक येतो आहे.

माझे बाबा मिलमध्ये होते. त्यांचा पितळी बिल्ला अजून आईच्या डब्यात आहे: रुपयापेक्षा थोडा मोठा, वर दोरा ओवायला भोक, मधोमध ठोकून उमटवलेला ४१८ हा आकडा. तो फाटकावर दाखवल्याशिवाय हजेरी लागत नसे आणि खिडकीवर दाखवल्याशिवाय पगार मिळत नसे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला आमचा किराणावालाही त्या बिल्ल्याच्या भरवशावरच महिनाभर उधार देई. मिल बंद पडली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्याने वही मिटली. वाईट माणूस नव्हता तो. नजर चुकवून त्याने आईला पाच किलो गहू दिले आणि "बहनजी, अब नहीं" म्हणाला.

ज्याच्यापाशी श्वापदाची ती खूण किंवा त्याची संख्या नाही त्याला काही विकत घेता येणार नाही आणि विकताही येणार नाही, असे प्रकटीकरणाचा लेखक योहान लिहितो. चर्चमध्ये हिंदी पवित्र शास्त्रात आम्ही 'छाप' वाचतो, घरी मराठीत 'खूण' वाचतो, आणि मला दोन्ही शब्दांवर बाबांचा आकडाच दिसतो. बिल्ला सैतानाचा होता असे मी म्हणत नाही. बाबा तो नाताळच्या आधी चिंचेने घासून लखलखीत करीत, इतका त्यांना त्याचा अभिमान होता. मला एवढेच म्हणायचे आहे की खरेदी-विक्रीचे दार एका आकड्यावर उघडते आणि मिटते, हे समजायला आम्हांला पडद्यावरच्या बाणांची गरज नव्हती.

योहानाच्या वाचकांनाही नव्हती. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, शहरांत धंदा करायचा तर व्यवसायसंघांच्या मेजवान्यांत बसावे लागे, तिथे देवतांना आणि सम्राटाला मान द्यावा लागे, आणि हातातल्या नाण्यावरही सम्राटाचाच मुखवटा असे. श्वापदाची संख्या सहाशे सहासष्ट दिली आहे; हा आकडा रोमन सम्राट नीरो कैसराच्या नावातल्या हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज आहे, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ असाही आढळतो. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना ते त्याच काळात कळत होते. ते आमच्यासाठी दोन हजार वर्षे कुलूप लावून ठेवलेले कोडे नव्हते.

पण कोडे सोडवण्याची हौस जुनीच आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, तर रेडिओवरचे उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११. दोन्ही दिवस मावळले आणि दुसऱ्या दिवशी लोकांना कामावर जावे लागले. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड प्रथम वाचला गेला, आणि पुढे त्याच्या रेघांतही लोकांना सहाचे आकडे दिसू लागले. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी कोणालाही ठाऊक नाही असे प्रभू स्वतः मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात सांगतो, तरी आम्ही बोटे मोजतोच.

मान्य आहे, आज कंपन्यांच्या हाती आपली जेवढी माहिती आहे तेवढी कोणत्याही कैसराच्या हाती नव्हती, आणि सावध राहा म्हणणाऱ्याला मी मूर्ख ठरवत नाही. बस्स, एवढेच मान्य.

माझी चीड निराळी आहे. संदेष्टा म्हटला की आम्हांला ज्योतिषी आठवतो. जुन्या करारातला संदेष्टा, तकोवा गावचा मेंढपाळ आमोस मात्र बाजाराविषयी बोलत होता. माप लहान करता, वजन वाढवता, तागडीत लबाडी करता, गहू विकताना भूस मिसळता आणि जोड्याच्या किमतीला गरिबाला विकत घेता, असे तो व्यापाऱ्यांच्या तोंडावर म्हणाला. प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय तर उपदेशक बंधूंनी उघडलाच नाही. तिथे बाबेल ही श्रीमंत नगरी पडल्यावर व्यापारी रडतात, आता आमचा माल कोण घेणार म्हणून. त्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होते. मग रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि अगदी शेवटी माणसे, माणसांचे जीव. पावतीवर सर्वांत खालच्या ओळीत. आज तो मुलगा मागच्या बाकावर उभा होता, तेव्हा मला ती ओळ आठवली.

इंदूरला तरी हे शिकवावे लागू नये. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी दिला गेला. बत्तीस वर्षांनी, आणि तोही ऐन नाताळच्या दिवशी! अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तिची हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचते, हे याकोबाच्या पत्रातले वचन त्या सकाळी आमच्या व्यासपीठावरून कोणी वाचले नाही. आम्ही केक कापला. माझे बाबा दुसऱ्या मिलचे, आणि तोवर तेही राहिले नव्हते. पण तो धनादेश टीव्हीवर दिसला, तेव्हा आईने उठून डबा उघडला, बिल्ला पदराने पुसला आणि काही न बोलता परत ठेवला.

दुपारी तावातावाने लिहायला बसले होते, आता राग थोडा ओसरला आहे. उपदेशक बंधू थकलेले होते, रात्रभर गाडीत बसून आले होते, जेवणही धड झाले नव्हते. त्यांच्या मनात वाईट नसावे. मुलगा संध्याकाळी घरी आला. "काकू, जरा फॉर्म भरून द्या" म्हणाला. फोनवर लाल पट्टी होती, खाते निलंबित, आणि तक्रारीच्या पहिल्याच रकान्यात आयडी क्रमांक मागितला होता. तो टाकला की पुन्हा तीच लाल पट्टी येई. आम्ही पाच वेळा भरला. आईने त्याला पोळी-भाजी वाढली आणि तो जेवत असताना डबा आणून बिल्ला त्याच्यासमोर ठेवला. त्याने हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा केला. "आजी, ये भी आयडी था?" असे त्याने विचारले.

पुढच्या रविवारी शास्त्राभ्यास मी घेईन, असे पाळकसाहेबांना कळवले आहे. आमोस, आठवा अध्याय. त्याआधी एक काम आहे: इंदुरात कामगारांचे खटले चालवणारा आणि फीसाठी अडून न बसणारा वकील कोणाच्या ओळखीत असेल, तर आज रात्रीच मला निरोप करा. हप्त्याची तारीख गुरुवार आहे.