कोकोचा व्हायरस ताक-हळदीनं जात नाही

तासगाव भागातल्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "घानात कोकोवर एकच व्हायरस आहे. शेंगा काळ्या करतो, महिन्यात झाड मारतो. ताक-हळद फवारली की झाड बरं होतं. नारळात कोको बिनधास्त लावा." सोबत काळ्या शेंगांचा फोटो. आमच्या गावातल्या दोघांनी रोपांची चौकशीही सुरू केली, म्हणून लिहितोय.

आधी फोटो. शेंग अशी काळी पडते ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळं, आपल्या द्राक्षावरच्या डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) भावकीतला रोग. त्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, चालतं. व्हायरस पेशीच्या आत बसून झाडाच्याच जिवावर वाढतो. त्याला मारणारी फवारणी आजवर कुणाकडं नाही.

घानातला खरा रोग 'स्वोलन शूट'. १९३६ मध्ये तो तिथं ओळखला गेला. फांद्यांना, मुळांना फुगीर गाठी येतात, शेंगा बारक्या आणि गोल राहतात. पण "एकच व्हायरस" हे चूक. न्यू जुआबेन भागातली जहाल स्ट्रेन (व्हायरसचा पोटप्रकार) अमेलोनाडो जातीचं झाड दोन-तीन वर्षांत संपवते, तर काही स्ट्रेन इतक्या सौम्य की झाड फळं देत राहतं. काहींत गाठीच येत नाहीत. त्रिनिदादमधला कोकोचा मोझॅक तर वेगळ्याच व्हायरसचा. म्हणजे महिन्यात मरणाची गोष्टही गेली.

"झाड बरं होतं" हा समज कुठून आला असेल, हे मला महत्त्वाचं वाटतं. रोगट झाडाच्या कोवळ्या पालवीत शिरांलगत लाल पट्टे उमटतात. पान जून झालं की ते बऱ्याचदा आपोआप पुसट होतात. मधल्या काळात ताक मारलं असेल तर श्रेय ताकाला जातं! व्हायरस मात्र आतच असतो. उलटही होतं: लागण होऊन कित्येक महिने झाडावर काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात ते शेजारच्या झाडांना रोग देत राहतं.

रोग पसरवतो कोण? मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांना तो सांगायला नको. तिथल्या जाती वेगळ्या, पण मुंग्या त्याला तशाच जपतात. पिल्लं फांदीला फांदी लागली की पलीकडं जातात, वाऱ्यानंही उडतात.

म्हणून घानात १९४६ पासून रोगट झाडं तोडायची मोहीम चालली. लागण दिसणाऱ्या झाडाबरोबर त्याला लागून असलेली, वरून निरोगी दिसणारी झाडंही काढतात. आजवर २० कोटींहून अधिक झाडं गेली. ताकानं भागलं असतं तर कुणी आपली बाग का तोडली असती?

कोको लावायला माझा विरोध नाही. फक्त कलमाची काडी कुठल्या झाडाची, ते नर्सरीत विचारा, कारण रोगट काडीतून व्हायरस थेट रोपात येतो. ब्रिटनमध्ये रीडिंगच्या कोको क्वारंटाईन केंद्रात आलेलं झाड दोन वर्षं नजरेखाली ठेवतात, मगच त्याची काडी पुढं देतात. मेसेज टाकणाऱ्या दादांना विनंती: निदान तो फोटो आणि ताकाची ओळ काढून टाका.